जेद्दाहला राहिलेला निसणा

जेद्दाहच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली. सुका जवळा आणि सोलं बाजूला सारून अधिकाऱ्याने कागदात गुंडाळलेला काळा दगड बाहेर काढला. "एश हादा?" (हे काय?) मला अरबी येते कुठे! मी हातानेच धार लावून दाखवली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. परमुलखात पोलिसापुढे सुरी परजून दाखवणारी मीच शहाणी. शेवटी मागच्या केरळी प्रवाशाने "मत्बख" (स्वयंपाकघर) म्हटलं, तेव्हा सुटले.

बाहेर माझा धाकटा भाऊ रफीक गाडी घेऊन उभा होता. ज्या हॉटेलात तो मासे कापायचा ते बंद पडलेलं, इकामा (राहण्याचा परवाना) संपत आलेला. दुसऱ्या एका हॉटेलच्या कफीलने (हमी घेणाऱ्या मालकाने) दुसऱ्या दिवशी असरच्या (दुपार कलल्यावरच्या) नमाजनंतर मासा कापून दाखवायला बोलावलं होतं. नाही जमलं तर गाशा गुंडाळून गावी.

"मग ये की," मी म्हटलं. त्याने गाडी सुरू केली.

संध्याकाळी अल अझीझियातल्या दुकानातून त्याने पांढरा गुळगुळीत दगड घेतला. घरी येऊन आईच्या वेळचा आमचा निसणा (धारेचा दगड) आणि तो, दोन्हींवर सुरी पाजवून पाहिली. नव्या दगडावरच्या धारेने कागद आवाज न होता कापला. आमच्या निसण्याची धार टोमॅटोच्या सालीत करकर करत शिरली.

"आपा, ही खरखरीत. तिथे हसतील मला," रफीक म्हणाला. मला राग आला, पण गिळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा दगड पाण्यात भिजत ठेवून तो जुहरच्या नमाजला गेला. आमच्याकडे खाऱ्या हवेत सुरीला खोबरेल लावतात, निसण्यालाही. मदत म्हणून मी नवा दगड पुसला आणि चांगलं चोळून खोबरेल जिरवलं. त्याने येऊन सुरी ओढली, तर ती नुसतीच घसरू लागली. साबणाने घासला, गरम पाणी ओतलं, दगड काही धरेना.

"आपा, हा पाण्याचा दगड. तेल चालत नाही याला."

दुपारची दुकानं बंद. त्याने आमचा निसणा पुढ्यात ओढला आणि त्यावरच सुरी पाजवली.

हॉटेलच्या मागच्या दाराशी मी गाडीत बसून राहिले. खोटं कशाला बोलू, दुआ मागताना जीभ अडखळत होती. जमलं तर तो इथेच राहणार. नाही जमलं तर माझ्याबरोबर घरी येणार, बारा माणसांत हसं होऊन. शेवटी त्याला जमू दे, असंच मागितलं.

तो आला तो घामाने भिजलेला. "हामूर (जाड कातडीचा मासा) होता, आपा. कामासाठी आलेल्या दुसऱ्याची गुळगुळीत सुरी वरच घसरत होती. माझी पहिल्याच ओढीला आत. खलास, काम झालं."

मी हसले आणि रडलेही. निसणा मी तिथेच ठेवला.

गावी आल्यावर शेजारीण विळी घेऊन आली. "निसणा दे गं जरा."

"जेद्दाहला आहे."

"आणि परत कधी येणार?"

ती निसण्याबद्दल विचारत होती की रफीकबद्दल, ते मी विचारलं नाही. "सुट्टी मिळाली की," म्हटलं, आणि तिची विळी पायरीच्या दगडावर घासायला घेतली.