बाटलीमावशीचं संयुक्त विज्ञान

शाळेत तिला सगळे बाटलीमावशी म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच पडून असायचं. बावीस वर्षं ती प्रयोगशाळेत कामाला होती. तास सुरू व्हायच्या आधी टेबलाटेबलावर तबकं मांडायची: परीक्षानळ्या, चंचुपात्रं, बाटल्या, बाटल्यांत मोजून द्रावण. तास संपला की सगळं धुऊन, पुसून, नळ्या स्टँडवर पालथ्या घालून कपाट बंद करायचं. मुलांना वाटे, तबकं आपोआप उगवतात. शिक्षकांनाही बहुधा तसंच वाटत असावं, कारण बावीस वर्षांत त्यांच्यापैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात. दर रविवारी फोन करायचा, "बरी आहेस ना?" विचारायचा, ती "बरी आहे" म्हणायची आणि दोघांचंही बोलणं तिथेच संपायचं. एरवी तिला प्रयोगशाळा होती. तिथे निदान चाळीस पोरांचा गलका तरी कानावर पडायचा.

मग नवा नियम आला. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस शालान्त परीक्षा विज्ञान घेऊन पास झालेला हवा. नसेल तर जूनपासून त्यानं फाटकावर पहाऱ्याला बसायचं. मुख्याध्यापकांनी हे तिला अगदी मऊ आवाजात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर चहासुद्धा विचारला. बाटलीमावशी आठवीत शाळेतून उठलेली.  चहा तिनं तसाच ठेवला.

"विषय काय लिहू, मावशी?" फॉर्म भरताना कारकुनानं विचारलं. "भौतिक, रसायन, जीव असे वेगवेगळे घेतलेत तर तीन पेपर आणि तीन प्रात्यक्षिकं. संयुक्त विज्ञान घेतलंत तर पेपर एक, प्रात्यक्षिक एक."

"मग एकच लिहा की."

"ऐका तरी. त्या एका प्रात्यक्षिकात प्रयोग तीन असतात, आणि तिन्हींत पास व्हावं लागतं. एकात गेलात की सगळ्यात गेलात. एकत्र कुटुंब म्हणायचं, पण चुली तीन."

"माझं कुटुंब एकटीचंच आहे," ती म्हणाली. "लिहा संयुक्त."

कारकून हसला. "आणि प्रात्यक्षिकाची तुम्हाला कसली काळजी? तुमच्या तर हातचा मळ." तिलाही अगदी तसंच वाटत होतं.

फजिती केली ती पुस्तकानं. हातांना सगळं ठाऊक होतं, तोंडाला काही येत नव्हतं. बटाट्यावर आयोडीन पडलं की काळेनिळे डाग पडतात. ते तिनं हजार वेळा पुसले होते. ते का पडतात हे आता पहिल्यांदाच वाचत होती. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती मोठ्यानं वाचायची, कारण घरात तेवढाच एक आवाज. अडलं तर विचारणार कुणाला? शाळेतल्या शिक्षकांना विचारायला जीभ रेटेना. एका रविवारी तिनं धीर करून मुलालाच विचारलं, "अरे, आम्लारी म्हणजे नेमकं काय रे?"

"आई, या वयात कशाला डोक्याला ताप करून घेतेस? फाटकावर नुसतं बसायचंय. काम उलट कमीच की."

फाटकावर बसून दिवस खायला उठेल, हे त्याला फोनवर कसं सांगायचं? "बरी आहे मी," ती म्हणाली.

पण बाई चिवट. सहा महिन्यांत तिनं पुस्तकाचा फडशा पाडला. लेखी पेपर इतका छान गेला की कुणाला सांगू नि कुणाला नको असं तिला झालं, आणि सांगायला कुणी नव्हतं. शेवटी भाजीवालीला सांगितलं. भाजीवाली म्हणाली, "वा. अजून काही देऊ?"

प्रात्यक्षिक दुसऱ्या शाळेत होतं, कारण स्वतःच्या शाळेतलं कपाट नि कपाट तिला पाठ. आत गेली तर टेबलावर तिचं तबक तयार. स्वच्छ नळ्या, बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी तबक मांडलं होतं. तिला भरून आलं. ते मांडणारा परिचर, पिकल्या मिशांचा माणूस, भिंतीला टेकून उभा होता, ती स्वतः उभी राहायची तसाच.

भिंगाचा प्रयोग झाला, पानाचा झाला. ते दोन्ही प्रयोग परीक्षक बाईंनी बघितले, सही केली. तिसऱ्यात तीन नळ्या, तीन द्रावणं. दर्शकाचे, म्हणजे रंग पालटवणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकून आम्ल कोणतं, आम्लारी कोणतं, उदासीन कोणतं ते ओळखायचं. थेंब पडले. पहिली लाल झाली, दुसरी हिरवी, तिसरी जांभळी. तिनं उत्तरपत्रिकेत लिहून टाकलं. बाई तेव्हा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. मावशी वाट बघत उभी राहिली, आणि वापरलेल्या नळ्यांसमोर नुसतं उभं राहायची तिच्या हातांना सवयच नव्हती.

बाई आल्या तेव्हा तिन्ही नळ्या स्टँडवर पालथ्या होत्या, लख्ख.

"द्रावणं कुठे आहेत?"

"नळ्या धुतल्या," मावशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं.

"मी बघायच्या आधीच?"

मागचा मुलगा फिसकन हसला. "रंग लिहिलेत, बाई," मावशी म्हणाली. "लाल, हिरवा, जांभळा."

"ते पुस्तकात बघूनही लिहिता येतं हो. मला रंग दिसायला हवेत."

बाटल्या रिकाम्या होत्या. द्रावण एकदाच मिळतं; तिनं स्वतःच हे किती पोरांना सुनावलं होतं. तिनं परिचराकडे बघितलं. तो भिंत सोडून पुढे आला.

"बाई, मी बघितलं. रंग बरोबर होते."

"तुम्ही बघून चालत नाही ना," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. पेन जरासं थबकलं, पण शून्य लिहिलं गेलं.

"बावीस वर्षं धुतेय, बाई," मावशी म्हणाली. "आजवर कुणी बघायला यायचंच नाही."

व्हरांड्यात परिचर ओल्या हातांनी मागून आला. "ताई," तो म्हणाला, "मीपण धुतल्याच असत्या."

तिला हसू आलं, आणि मग रडूच फुटलं. तो शेजारी उभा राहिला. घंटा झाली तसा त्याला जावं लागलं, पुढच्या तुकडीची तबकं मांडायची होती.

ऑक्टोबरात पुन्हा बसता येणार होतं. ती बसणार होती, विषयही तोच घेणार होती. पण जून आधी येतो. बाहेर पडताना त्या शाळेच्या फाटकापाशी पहारेकरी स्टुलावर बसलेला दिसला, आणि मावशी त्याच्यासमोर थांबली.

"दिवसभर कुणी बोलतं का हो तुमच्याशी?" तिनं विचारलं.

त्यानं जरा विचार केला. "बोलतात की," तो म्हणाला. "फाटक उघडा म्हणतात."