मांडव भिजलेल्यांनी हात वर करा

"म्याडम, उद्याचा पाऊस तुमाले नीट सांगता येत नाही, आन् वीस वर्सांचा कसा सांगून राह्यल्या?"

गजाननराव असं म्हणाले आणि साखरखेर्ड्याजवळच्या त्या ग्रामसभेत हशा पिकला. मीही हसले. कंप्युटरवर हवामानाची मॉडेल्स चालवणं हीच माझी नोकरी, त्यामुळे हा टोमणा मला पाठ आहे.

प्रश्न कांद्याच्या बियाण्याचा होता. ते उन्हाळ्यात उघड्यावर वाळवतात. सरपंच वंदनाताईंच्या बचतगटाचं सगळं बियाणं मागच्या अवकाळीत भिजून वाया गेलं होतं. त्यांना पत्र्याची मोठी शेड हवी होती. मोठे बागायतदार गजाननराव त्याच निधीतून सिमेंटचं खळं मागत होते. आमचं मॉडेल म्हणत होतं, इथला उन्हाळी पाऊस वाढत जाणार.

"मॉडेल तारीख सांगत नाही," मी म्हटलं. "हवेची सवय सांगतं. नवरा आज किती वाजता येईल हे बायकोला माहीत नसतं, पण उशिरा येतो एवढं पक्कं माहीत असतं."

बाया हसल्या. तेवढ्यात मी हाइंडकास्ट समजावून सांगितला. म्हणजे मॉडेलला जुन्या काळात नेऊन सोडायचं आणि होऊन गेलेलं त्याला ओळखता येतं का ते बघायचं. आलेख दाखवला. पूर्वी उन्हाळी पाऊस कमी, अलीकडे जास्त. सभा ढिम्म.

वंदनाताई उठल्या. "लग्नात मांडव भिजला त्यायनं हात वर करा. पह्यले सासवा."

एखाद-दुसरा हात वर आला.

"आता सुना."

हातच हात. एक म्हणाली, "माह्या लग्नात पाण्यात वरण होतं का वरणात पाणी, समजलंच नाही." गजाननरावांची सून सासऱ्यांकडे बघत हळूच म्हणाली, "आमच्या लग्नात मामाजीच ताडपत्री धरून उभे होते." सगळ्यात मोठ्यानं गजाननरावच हसले.

हा शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मी तिथेही सांगितलं. रिपोर्टमध्ये तो टाकलाही नाही. पण मॉडेल आणि बाया वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी पोचल्या, याचा मला झालेला आनंद कुठल्या आलेखात मावणारा नव्हता.

शेडचा ठराव मंजूर झाला. गजाननराव मला म्हणाले, "मी कंप्युटर-गिंप्युटर मानत नाही, म्याडम." मग वंदनाताईंकडे वळले. "फक्त ठरावात एवढं लिहा. बियाणं उचललं का शेड लग्नाले भेटंल. पह्यला नंबर माह्या धाकट्या पोरीचा."

मॉडेलवर विश्वास बसला का, हे माणसाला विचारू नये. तो मांडव कुठे घालतो ते बघावं.