विचारायचं राहिलेलं घर

निवृत्तीला आठ महिने उरले आणि मला धास्ती बसली. औंढ्याच्या दवाखान्यात उभा जन्म रक्त तपासण्यात गेला, पण स्वतःचं घर झालं नव्हतं. त्या धास्तीतच एक दिवस नरसीच्या रस्त्याला प्लॉट बघितला आणि बायकोला न विचारता इसार देऊन आलो.

पुढच्याच आठवड्यात हिंगोलीला निवृत्त होणाऱ्यांसाठी शिबिर होतं. पेन्शनचं समजावून झाल्यावर मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "निवृत्तीनंतरचा एक साधा मंगळवार लिहून काढा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

मी चहा लिहिला, अंघोळ लिहिली, पूजा लिहिली. नऊ वाजले आणि पेन थांबलं.

बाई जवळ आल्या. त्यांना प्लॉटचं सांगितलं.

"घर कशासाठी हवंय?"

"कुणी 'खोली खाली करा' म्हणू नये म्हणून," मी बोलून गेलो.

लहानपणी आम्ही सारख्या खोल्या बदलायचो. डोक्यावर भांड्यांचं पोतं घेऊन आई पुढं, आम्ही मागं. बाईंनी ऐकून घेतलं. "भीती खोटी नाही तुमची. पण ती जुनी आहे, निर्णय तिच्यावर सोपवू नका. ज्यांच्यासोबत राहायचंय, त्यांनाही असाच मंगळवार लिहायला सांगा."

घरी बायको मेथी निवडत होती. तिनं हात पुसले आणि दीड पान भरून काढलं. गुडघ्याचे व्यायाम, शेजारणींसोबत शिवणकाम, दुपारची झोप. सगळं औंढ्यातलंच. माझ्या वाट्याला एक ओळ होती : 'हे भाजी आणतील.'

मग मी इसाराचं सांगितलं.

"मला इचारलं काहून न्हाई?"

"तुला आनंद होईल वाटलं."

"मला, का तुमाला? तिथं रानात माझं कोण हाय? गुडघे धरले तर दवाखान्यात कोण नेईल?"

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "आता इसार देऊन बसलो. घेऊनच टाकू."

"गेलं ते गेलं," ती म्हणाली. "त्याच्यापायी बाकीचे पैसे बी घालवून राहिले का?"

मी सौदा मोडायला गेलो. प्लॉटवाल्यानं इसार परत दिला नाही. बोली तशीच होती. एस.टी.नं परत निघालो. भाड्याच्या घरातच म्हातारपण काढायचं, हे मी मनाशी कितीदा तरी म्हणून बघितलं.

निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं. घरमालकानं तीन वर्षांचा करार करून दिलाय, तरी जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या की काळजात धस्स होतं. पूर्वी मी ते लपवायचो. आता बायकोला सांगतो. ती शिलाई मशीन थांबवते, म्हणते, "भाडं मागायला आला असंल. बसा निवांत." मी बसतो. निवांत होतोच असं नाही.