आठ पानांची अमेरिका

या जिल्ह्यात पुस्तकाला कायम शेवटचा नंबर कुणी लावला, हे ज्यांनी लावला त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी नाव घेत नाही. घेऊन तरी काय होणार? ते म्हणतील, "आधी पाण्याचं बघा, मग पुस्तकाचं!"

अप्पांच्या छापखान्यात किस्से साठत जातात. कागद कापला की कोपऱ्यात कतरणांचा ढीग होतो ना, तसे. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण टाकूनही देत नाही. बी.ए. होऊन मी लातूरला तिथं प्रुफं तपासायला लागलो. समाज बदलायचा तर छापखान्यातूनच, असं माझं ठाम मत! पहिल्याच दिवशी ते मी अप्पांना ऐकवलं. अप्पांनी एका चपलांच्या दुकानाचं हँडबिल माझ्या हातात ठेवलं.

"घे, बदल!"

०

आमच्याकडं एक सर यायचे. कॉलेजात इतिहास शिकवायचे. मूळचे मुखेडकडचे, बौद्धवाड्यातले पहिले एम.ए. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मुद्रकांवर आणि पुस्तकविक्रेत्यांवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं होतं. ते छापून हातात यावं, एवढी एकच इच्छा.

"सर, हाच विषय का?" मी विचारलं.

"अरे, जंगल तोडून राहणारी माणसं. खायची पंचाईत. तरी जहाजात घालून छापखाना नेला! त्यांना ही भूक कशी लागली, ते आपल्या पोरांना कळायला नको?"

अप्पांनी हस्तलिखित हातावर तोललं. "त्यांला कागद कुठून मिळायचा हो?"

"चिंध्यांपासून. घरातल्या जुन्या चिंध्या आणून द्या, अशी जाहिरातच द्यायचे छापखानेवाले."

अप्पांनी दाराबाहेर पाहिलं. टँकरची वाट बघत बाया घागरी घेऊन उभ्या होत्या.

"हितं न्हाई जमायचं, सर. आपल्या चिंध्या अजून अंगावर हायत!"

तरी पुस्तक त्यांनी छापायला घेतलं. अप्पांचं असंच असे.

०

त्याच साली लातूर जिल्हा झाला. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात ही गर्दी! लेटरहेड, पावत्या, पाकिटं. सगळ्यांना 'जिल्हा उस्मानाबाद' काढून 'जिल्हा लातूर' पाहिजे. एक गृहस्थ तर छापून नेलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठाच परत घेऊन आले.

"अप्पा, बदलून द्या. जुना जिल्हा पडलाय."

"अहो, लग्न तोंडावर आलंय! लातूर कुठं हाय ते पाव्हण्यांला कळतंय की."

"पाव्हण्यांला कळतंय हो. व्याह्याला कळाया पायजे! सोयरीक ठरली तवा आम्ही तालुक्याचे होतो, आता जिल्ह्याचे हाव!"

पत्रिका पुन्हा छापल्या. सरांचं पुस्तक मागं सरकलं.

०

छापखान्याच्या पुढच्या बाजूला अप्पांचं पुस्तकांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नाही म्हणून ते कुरकुरायचे. सर म्हणाले, "तिकडचे पुस्तकविक्रेतेसुद्धा नुसत्या पुस्तकांवर जगत नव्हते, अप्पा. दुकानात साबण, चहा, औषधं, सगळं ठेवायचे. माणूस साबणाला यायचा अन् पुस्तक घेऊन जायचा."

मला ही आयडिया फार आवडली. आठवड्यानं बघतो तर दुकानात छतापर्यंत प्लास्टिकच्या घागरी! दुष्काळात दुसरं काय खपणार? बाया येत होत्या, घागरी नेत होत्या.

"अप्पा, पुस्तकं कुठंयत?"

"घागरीच्या मागं. सरांचं अर्धं ऐकलं म्या. राहिलेलं अर्धं पाऊस पडल्यावर!"

०

आमच्याकडं अक्षरांचे खिळे मोजकेच. आठ पानं जुळवायची, छापायची, मग तेच खिळे सोडवून पुढची आठ जुळवायची. आठ पानांचा एक फर्मा. सरांचा पहिला फर्मा छापून झाला. ताजं पान नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. लहान लेकरू हुंगावं तसं.

दुसरा फर्मा जुळवून, दोरीनं बांधून ठेवला आणि तहसीलचा माणूस धावत आला. दुष्काळी कामांवरची मस्टरं संपली होती, तातडीनं पाहिजे होती. अप्पांनी दोरी सोडली. सरांच्या वाक्यांतले खिळे सुटले आणि त्यांचंच 'मजुराचे नाव, गाव, हजेरी' झालं.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळी मी दोरी धरून बसलो. "अप्पा, हे पुस्तक आहे! पुस्तक माणसाला हजार वर्षं जगवतं!"

"हाव," अप्पा म्हणाले. "आधी हा पंधरवडा जगवू."

मला वाटलं, आता तरी सर भांडतील. सर चष्मा पुसत होते.

"सोड," ते म्हणाले. "मस्टर नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर चूल नाही. माझी माय अशाच कामावर खडी फोडायची." मग जरा थांबून, "तिकडच्या पहिल्या छापखान्यातही आधी सरकारी कागदच छापला. पुस्तक मागून आलं."

"पण आलं ना, सर! आपलं कुठं येतंय?"

सर पुन्हा चष्मा पुसू लागले. मला त्यांचा फार राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

०

पुढं सरांना नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली. जायच्या आधी ते एकदा माझ्याबरोबर आले. निलंग्याकडं एका पाझर तलावाच्या कामावर नव्या मस्टरांचा गठ्ठा पोचवायचा होता. एस.टी.तून उतरून आम्ही बांधापर्यंत चालत गेलो. बाभळीखाली मुकादम बसला होता, माझ्याच वयाचा. त्यानं गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक मस्टर उघडून नुसती पुठ्ठ्याची आतली बाजू बघू लागला.

"काय शोधतोस रे?" सरांनी विचारलं.

त्यानं आपलं जुनं मस्टर पुढं केलं. आमच्या बाइंडिंगवाल्या रुक्मिणबाई पुठ्ठ्याला आतून रद्दी चिकटवतात. इथं चिकटवलेलं होतं सरांच्या पडून राहिलेल्या पहिल्या फर्म्यातलं शेवटचं, आठवं पान!

"दुपारच्याला बायांला वाचून दावतो," मुकादम सांगू लागला. "एक माणूस छापखाना घेऊन जहाजात बसतो. वाटंतच मरतो. त्याची बायको छापखाना घेऊन परक्या मुलखात एकलीच उतरती. हितं पान सरतंय. बाया रोज इचारून राहिल्या, त्या बाईनं छापखाना मांडला का मोडीत घातला?"

सर बांधाकडं बघत होते. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायांची रांग चढत होती.

मुकादमानं गठ्ठ्यातलं शेवटचं मस्टर उघडलं, बघितलं आणि मिटून माझ्याकडं दिलं.

"ह्यात बी तेच हाय. मालकाला सांगा की, पुढच्या खेपंला पुढचं पान लावा म्हनावं."