मिस्त्रीचा स्वयंपाक

मिस्त्रीला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि चौदा वर्षं परदेशात काढूनही कळलं नव्हतं, याचा त्याला चक्क अभिमान होता. माणूस फरशी बसवणारा. केवढंही दालन असो, या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी केसभर वर-खाली व्हायची नाही. पण चहा टाक म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ते आपलं काम नव्हे." घरी आधी आई होती, मग बायको होती, आणि इथे आप्पा होता. फुकटची ऐट, दुसरं काय!

आप्पा म्हणजे त्याच्या खोलीतला सोबती, कंपनीचा वायरमन. खोलीत दोन खाटा, एक खिडकी, आणि दाराबाहेरच्या बोळकांडीत पत्र्याच्या टेबलावर विजेची शेगडी. आप्पाने रांधायचं, मिस्त्रीने भांडी घासायची, असा करार. भांडी तो घासायचा हो, अगदी लख्ख घासायचा, पण जेवताना तोंडाचा पट्टा चालूच. "आप्पा, मीठ आज सुट्टीवर गेलंय का?" आप्पा नुसता हसायचा. तो हसायचा म्हणूनच हा शेफारला.

त्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून आप्पाच्या छातीत जळजळत होतं. पित्त, म्हणाला. आपल्या लोकांच्या छातीत काहीही झालं तरी ते पित्तच असतं! त्याने घरी फोन लावला. बायको म्हणाली, "थंड दूध घ्या आणि गप पडून राहा." तो दूध प्यायला आणि पडला. बारा वाजले तसे मिस्त्रीच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"आप्पा, ऊठ की."

"आज तू टाक रे कुकर. हात उचलत नाहीये."

"मला जमतं का ते? उपाशी मारतोस का? ऊठ, नाटकं करू नकोस."

आप्पा उठला. डाळ-तांदूळ धुतले, कुकर चढवला. मिस्त्री आपला मोबाइलमध्ये डोकं घालून खाटेवर आडवा. शिट्ट्या होत राहिल्या तसा तो पडल्यापडल्याच खेकसला, "बहिरा झालास का? बंद कर की!" करपल्याचा वास आला तेव्हा कुठे उठला. आप्पा टेबलाशेजारी भिंतीला टेकून बसला होता. गाडी आली, माणसं आली, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

घरी कळवायचं काम मिस्त्रीवरच आलं. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "दूध प्यायला, झोपला, आणि वहिनी, झोपेतच गेला. कळलंसुद्धा नाही." हे तिच्या समाधानासाठी बोललो, असं तो स्वतःला सांगत राहिला. कसलं समाधान! घाबरला होता. ऊठ म्हणणारा आपण होतो हे कुणाला कळू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

प्रेत घरी न्यायचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. आज काय झालं ते सांगायला मिस्त्री रोज संध्याकाळी कामावरून आला की वहिनीला फोन करायचा. चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "भाऊजी, तुम्ही जेवता काय हो?"

"पाव असतो. केळी असतात."

"आणि असं किती दिवस चालणार?"

त्या दिवसापासून ती त्याला शिकवायला लागली. कुंकू पुसलेली बाई, नवऱ्याचं शरीर अजून परक्या देशात बर्फात पडलेलं, आणि ती याला सांगत होती की वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घाला. याने काय करावं? सिमेंट कालवताना घालतात तसं थोडंथोडं पाणी घालत पळीने घोटत बसला. भात कसला, गिलावा झाला! शिवाय सवयीने वरून पळीच्या पाठीने सपाटही केला. त्याने हे सांगितलं तेव्हा वहिनी फोनवर हसली, आणि हसतानाच रडायला लागली.

हळूहळू हात बसला. फोडणी जळायची थांबली, कांदा कापताना बोट वाचायला लागलं. कुकरला मात्र तो हात लावत नव्हता. भात पातेल्यातच करायचा.

सोळाव्या दिवशीही कागद झाले नव्हतेच. वहिनीचा आवाज बसलेला होता.

"सासूबाई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत, भाऊजी. म्हणतात, दूध पाजून झोपवलंस माझ्या लेकाला, डॉक्टरकडे जा म्हणाली नाहीस. खरंच आहे ना? माझ्या जिभेला काय झालं होतं हो त्या दिवशी?"

रोज तो म्हणायचा, नशीब, वहिनी. आज ते म्हटलं नाही. पातेल्यात भाताला उकळी आली होती. त्याने शेगडी बंद केली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"वहिनी, तो झोपेत गेला नाही. पडूनच होता तुम्ही सांगितल्यावर. मी उठवला. कुकर लावायला. तो नको म्हणत होता. मग शिट्ट्या होत राहिल्या आणि मी खाटेवरून उठलो नाही."

"किती शिट्ट्या?"

"आठ. मोजत होतो. राग येत होता मला."

पलीकडून ती म्हणाली, "आठ शिट्ट्या म्हणजे अर्धा तास होतो हो."

"वहिनी..."

"सोळा दिवस हे घर मला खातंय. आणि तुम्ही मला रोज भाताला पाणी किती विचारत होतात."

मिस्त्री रडायला लागला. ती त्याच्यासाठी थांबली नाही.

"फोन ठेवू नका. सासूबाईंना देते. आत्ता मला जे सांगितलंत ते सगळं त्यांना सांगा."

"वहिनी, माझ्याच्याने नाही व्हायचं..."

पण फोन सासूबाईंच्या हातात गेलासुद्धा. तिकडे भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी खाकरलं, मग थरथरता म्हातारा आवाज आला, "कोण, मिस्त्री का रे बाळा? आणतोस ना माझ्या लेकाला?"

मिस्त्री खाली बसला, आप्पा बसला होता त्याच जागी.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी मला भूक लागली होती."