दिवा गार होईपर्यंत

तापलेल्या काचेवर धूळ जळते तेव्हा तिला एक वास येतो. उन्हाने भाजलेल्या पत्र्यावर केसांचा पुंजका पडून करपावा, तसा काहीसा. परवा आठवीच्या वर्गात प्रोजेक्टरचा दिवा गेला आणि तो वास बऱ्याच वर्षांनी नाकात शिरला. भिंतीवर ज्वालामुखीचं चित्र होतं. ते थरथरलं, तांबूस झालं आणि विझलं. मुलांनी रिवाजाप्रमाणे आनंदाने कल्ला केला. इंदिरानगरातली आमची शाळा तशी शिस्तीची; पण दिवा गेला की शिस्तही त्याच्याबरोबर जाते. कॉम्प्युटरचे सर नवा दिवा घेऊन धावतच आले. तरुण आहेत, उत्साही आहेत आणि कायम घाईत असतात. बाक ओढून ते वर चढले, छताला टांगलेल्या त्या यंत्राचं झाकण त्यांनी उघडलं आणि आत हात घालणार एवढ्यात मी किंचाळले, "हात काढा! आधी हात काढा तिथून!"

सर बाकावरून पडायचेच राहिले. वर्ग चिडीचूप झाला. शेजारच्या वर्गातल्या बाई खडू हातात घेऊन दारात आल्या. "अहो मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे," सर कसंनुसं हसत म्हणाले. "दोन मिनिटांचं नाही, तासाभराचं आहे. खाली उतरा म्हणते ना!" मी पुन्हा ओरडले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात खांद्याच्या वर गेलेला आहे, पंजा उघडा आहे आणि समोर सर अंग चोरून उभे आहेत. तो आवाज आणि तो हात मी चांगला ओळखते. ते माझ्या वडिलांचे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो.

नाना देवळाली कॅम्पातल्या एका थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. ते थिएटर आता उरलेलं नाही, तिथे लग्नाचा हॉल झाला आहे. कॅम्पात तोफांचा सराव चाले, तेव्हा थिएटरच्या भिंती हादरत. पडद्यावर नायक गुंडांना बुकलत असे. आणि या दोन्हींतून सवड काढून नाना घरी आले की उरलेली मारामारी आमच्याकडे होई. कशावरूनही होई. भाकरी जाड झाली, दार उघडायला उशीर झाला, शेजारणीशी बोलताना आई हसली. आमच्या घरातला पाण्याचा तांब्या एका बाजूने चेपलेला होता आणि तो कुठे आपटून चेपला, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. शेजारपाजारचे म्हणत, "माणूस वाईट नाय, फक्त हात सुटतो." नाना स्वतःही तेच म्हणत. राग ओसरला की ओट्याशी बसून, आईच्या सुजलेल्या गालाकडे न पाहता म्हणत, "हात सुटतो माझा, काय करू? मला कळतच नाय तवा." आणि आई, माझी भोळी आई, ते खरं मानत आली. फिट येणाऱ्या माणसाला फिटेबद्दल बोलू नये, तसं ती त्या हाताबद्दल बोलत नसे.

या माणसाला मी एकाच जागी शांत पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या त्या कोंदट केबिनमध्ये, मशीनचा दिवा बदलताना. रिळं जाऊन त्यांच्या जागी कॉम्प्युटरचा डबा आला तरी दिवा तसाच राहिला होता. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, मधे काचेचा फुगवटा आणि त्यात ठासून भरलेला वायू. नाना त्याला 'बाईसाहेब' म्हणत. "बाईसाहेबांना घाई चालत नाय." गार असतानाही तो फुटला तर काचेचे तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे उडतात, तापलेला असेल तर विचारूच नका. म्हणून विझल्यावर पंखा चालू ठेवून वीस मिनिटं थांबायचं, घड्याळ बघून. मग वीज तोडायची. तोंडावर जाड प्लास्टिकचा मास्क, अंगात गोधडीसारखा कोट, हातात पांढरे सुती मोजे. दिव्याला धरायचं ते धातूच्या टोकाला, काचेला कधीच नाही. बोटाचा तेलकट ठसा जरी काचेवर राहिला, तरी दिवा पेटल्यावर काच तिथेच भाजते आणि तडकते. हे सगळं नाना इतक्या हळुवारपणे करत की बघताना माझा जीव जळे. जुना दिवा तसाच कचऱ्यात टाकता येत नसे, तो 'मारावा' लागे. त्याच्या खोक्यात घालून, वर दोन पोती गुंडाळून नाना तो गच्चीवरून मागच्या मोकळ्या अंगणात सोडत. धाडकन आवाज होई. कॅम्पातलं कुणी मान वर करून बघत नसे, कारण तिथे धाडकन हा रोजचाच आवाज होता.

ते पांढरे मोजे आई धूत असे. दर रविवारी, वेगळ्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात. आधी साबणाने स्वतःचे हात कोपरापर्यंत घासायचे, मग मोज्यांना हात लावायचा. वाळतही ते इतर कपड्यांपासून लांब घालायचे. एका रविवारी सकाळी तिने माझी वेणी घातली होती. खोबरेल लागलेला हात पुसला, पण धुवायचं विसरली आणि वाळलेले मोजे काढून घडी घातले. अंगठ्यापाशी एक डाग राहिला, ज्वारीच्या दाण्याएवढा. नानांनी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग मोजा नीट खाटेवर ठेवला. आधी नीट ठेवला, हे मला अजून आठवतं. आणि उघड्या हाताने आईच्या डाव्या कानावर असा तडाखा दिला की ती ओट्यावर जाऊन आदळली. कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर उतरला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, डी.एड. झालं होतं आणि नोकरी नुकती लागली होती. आईला मी दिंडोरीला मामाकडे पोचवलं. ती जायला तयार झाली, पण मनाने अर्धी देवळालीतच होती. "कान बरा झाला का येईन," म्हणाली. "त्यांचा तरी काय दोष? हात सुटतो." मी चिडून म्हणाले, "तू येणार नाहीस. मी नानांना तसं सांगणार." ती घाबरली. पूर्वी एकदा माहेरी राहण्याची भाषा केली तेव्हा नानांनी पाय मोडून आणीन म्हणून बजावलं होतं. "मग घरात नको सांगू," ती म्हणाली, "माणसांत सांग." माणसांत म्हणजे कुठे, ते मी ठरवलं. चालू शोमध्ये ऑपरेटर मशीन सोडून हलत नाही. दुपारच्या शोला केबिनमध्ये जायचं, दारात उभं राहून निरोप द्यायचा, जिना उतरायचा आणि बस धरायची. पुढचे दोन तास नाना मशीनला बांधलेले. असा माझा हिशोबी बेत होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

सुट्टीचा दिवस, मारामारीचा नवा सिनेमा, थिएटर फुल्ल. मी लोखंडी जिना चढून केबिनच्या दारात उभी राहिले. नाना वळले आणि मी तोंड उघडणार एवढ्यात पडद्यावरचा उजेड दोनदा लुकलुकला आणि गेला. नानांनी दिवा पेटवायचा दोनदा प्रयत्न केला. नुसतं टक्, टक्. खाली आधी शिट्ट्या झाल्या, मग शिव्या, मग खुर्च्यांच्या फळ्या मोडल्याचा आवाज. एक सोड्याची बाटली येऊन केबिनच्या काचेवर फुटली. जिन्यावर पावलं धडधडली. नानांनी मला आत ओढलं आणि दाराला आतून अडसर घातला. म्हणजे चालू शोचा माझा बेत तिथेच संपला आणि मी त्या माणसाबरोबर आठ बाय दहाच्या खोलीत कोंडली गेले.

दारावर लाथा बसत होत्या. बाहेरून मॅनेजर ओरडत होते, "अहो, बदला ना लवकर! लोक मारतील मला!" नाना घड्याळाकडे बघून म्हणाले, "वीस मिनिटं. त्याच्या आत देव जरी आला तरी उघडणार नाय." आणि त्यांनी शांतपणे साबणाने हात धुतले, स्वच्छ पुसले, डब्यातून पांढरे मोजे काढून घातले, नव्या दिव्याचं खोकं टेबलावर मांडलं. बिजागऱ्या करकरत होत्या. बाहेर लोक आईबहिणीवरून बोलत होते. ज्याला जाड भाकरी सोसत नसे, तो माणूस ते सगळं ऐकत स्टुलावर बसून होता. माझ्या आत काहीतरी फुटलं. मी म्हणाले, "नाना, आई आता येणार नाही. कधीच नाही. तिचा कान गेलाय."

ते उठले. तो चेहरा मला पाठ होता. उजवा हात वर गेला, खांद्याच्या वर, पंजा उघडा. मी डोळे मिटले नाहीत, कारण मला राग आला होता, आणि म्हणूनच पुढचं मला दिसलं. नानांची नजर माझ्या केसांवर गेली. चापूनचोपून तेल लावलेले केस, गालापर्यंत ओघळलेलं तेल. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. पांढऱ्याशुभ्र मोज्याकडे. आणि हात खाली आला. सावकाश, आपणहून, टेबलावर भांडं ठेवावं तसा.

"नाना," मी म्हणाले. माझा आवाज दारावरच्या लाथांपेक्षा मोठा झाला होता. "थांबला की हात!"

त्यांनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. त्यांनी वीज तोडली, खुंटीवरचा मास्क काढला आणि माझ्या अंगावर फेकला. "घाल तोंडावर. भिंतीकडं हो." मास्क एकच होता. मी तो घालून भिंतीशी उभी राहिले आणि उघड्या चेहऱ्याने नानांनी जुना दिवा काढला, नवा बसवला. दार हादरत होतं, हात हादरत नव्हते. हे मी लपवत नाही. त्या माणसाने त्या दिवशी माझा चेहरा स्वतःच्या चेहऱ्याच्या आधी राखला. या गोष्टीचं काय करायचं, ते मला आजवर कळलेलं नाही. पडद्यावर उजेड आला, खाली टाळ्या-शिट्ट्यांचा पूर आला आणि मघाशी खुर्च्या मोडणारे लोक मोडक्या खुर्च्यांवर बसून पुढची मारामारी बघू लागले. मी अडसर काढून निघाले तेव्हा नाना पाठमोरेच म्हणाले, "येतो मी दिंडोरीला."

दोन दिवसांनी ते आले. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते, मामाकडची सगळी माणसं बागेत होती. घरात आई आणि मी. दारात त्यांना पाहून आई मागे सरकली. नाना मारायला आले नव्हते. ओसरीच्या कडेला बसून, जमिनीकडे बघत त्यांनी नेहमीचंच म्हटलं, "चल घरी. हात सुटतो माझा. मला कळत नाय तवा, तुला तर माहीत हाय." आईने ऐकू येणारा कान त्यांच्याकडे केला होता. मी तिला केबिनमधलं सगळं सांगितलेलं होतं. तरी मला वाटलं, ही आता आत जाऊन पिशवी भरणार. मग तिने विचारलं, "पोरीवर उचलला, तो खाली कसा आला?"

नानांनी उजवा हात मांडीखाली सारला.

"मोजा मळंल म्हणून," आईच म्हणाली. "म्हंजी तुम्हाला थांबवता येत व्हतं. इतकी वर्षं येत व्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "मी ते मोजे उकळून धुतले," एवढं म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. नाना तिथे बसून राहिले आणि उन्हं कलल्यावर उठून गेले. पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी ते वारले तेव्हा मी गेले, आई गेली नाही. लोकांनी तिला नावं ठेवली. खुशाल ठेवोत, त्यांचे दोन्ही कान शाबूत होते.

परवा वर्गात मी तासभर थांबले. मग बाकावर चढून, यंत्राच्या खाली न येता बाजूला उभी राहून, स्क्रू सैल केले, दिव्याचा पिंजरा दांडीला धरून सरळ ओढला, काचेला बोट न लावता नवा बसवला. ज्वालामुखी पुन्हा भिंतीवर आला. घरी आल्यावर आईला हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते. काही सांगायचं तर तिच्या उजव्या बाजूला बसावं लागतं. "किती वेळ थांबलीस?" तिने विचारलं. "तासभर," मी म्हणाले. तिने मान डोलावली. मग मी सरांचं सांगितलं, मी कशी ओरडले ते, हात कसा वर गेला ते. हसतच सांगत होते. "काय करू, कळलंच नाही मला तेव्हा," मी म्हणाले.

आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. "कळलं नाय?" एवढंच तिने विचारलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

थिएटर गेलं, नाना गेले, ते मोजेही कधीच गेले. वाक्य तेवढं राहिलं. घरातल्या चेपलेल्या तांब्यासारखं, न मागता माझ्या वाट्याला आलेलं. काल सकाळी शाळा भरण्याआधी मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. सर एकटेच होते, मला पाहून चटकन उठून उभे राहिले. "काल माझा हात वर गेला, तो मला कळत होता," मी म्हणाले. "माफ करा."