मुकादमीणबाईंच्या नावची स्कॉलरशिप

"तुझी आजी कोण?"

आमच्या मंडळींच्या मुकादमांनी, म्हणजे प्रमुखांनी, हे मशिदीच्या ओटीवर विचारलं. सगळ्यांच्या देखत. मी फायनलच्या परीक्षेत आमच्या इस्रायल मुलींमध्ये पहिली आले होते. बक्षीस मिळणार म्हणून आईचं चांगलं लुगडं नेसून गेले होते. भिंतीवर मुकादमांच्या वारलेल्या बायकोची तसबीर. तिच्या आठवणीसाठी त्यांनी त्या वर्षापासून स्कॉलरशिप ठेवली होती. इस्रायल मुलींनी शिकावं म्हणून.

उत्तर त्यांना ठाऊक होतं. ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ते माझ्या तोंडून हवं होतं.

"बोल की. पाठांतर तर फार चांगलं आहे म्हणतात तुझं."

बायकांत कुणीतरी हसलं. त्या दिवशी माझं नाव पुकारलंच नाही.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो. गाव आम्हाला शनवार तेली म्हणे, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. पण आमच्यातही दोन जाती. ज्यांच्या घरात दोन्हीकडून इस्रायल, ते गोरे. ज्यांच्या घरात बाहेरची बाई आली, ते काळे. कातडीचा काही संबंध नाही. मुकादम माझ्याहून काळे होते.

काळ्यांनी मशिदीत मागे बसायचं. गोऱ्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही. प्रार्थना झाली की द्राक्षरसाचा पेला फिरायचा, तो सगळ्यांत शेवटी आमच्याकडे यायचा. कधी यायचाच नाही. आमच्याशी सोयरीक करायची नाही. मेल्यावरसुद्धा जागा कोपऱ्यात.

माझी आजी दिघीची कोळीण. आजोबांनी तिला घरात आणली. तिने शनिवार पाळला, उपास पाळले, बाबांची सुंता आठव्या दिवशी करवली. पण मासे विकणं सोडलं नाही. टोपली घेऊन होडीने आगरदांड्याला जायची, तिथून गावोगाव. तिच्या हातांना सुक्या माशांचा वास यायचा. त्याच हातांनी तिने मला मोठं केलं. कारण आई घाण्यावर राबायची.

त्या प्रकारानंतर मुकादमांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा परत आले ते माझ्याकडे न बघता आजीसमोर बसले.

"ते म्हणतात, पोरगी हुशार आहे. वाया जायला नको. स्कॉलरशिप देतो, पण मंडळींसमोर मी एवढंच म्हणायचं, की माझी आई इस्रायल होती. बाळंतपणात गेली. तू मला दूध पाजलंस. दाई म्हणून."

मला वाटलं आजी आता टोपली भिरकावील. तिने सुपातले मासे निवडणं थांबवलंसुद्धा नाही.

"म्हण. मी काय झिजत न्हाय. पोर शिकतेय ना? मंग म्हण."

मीही अडवलं नाही. मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. मास्तरीण व्हायचं होतं. एका वाक्याचा तर प्रश्न होता.

मुकादमीणबाईंच्या स्मृतिदिनाला आम्ही खाडी ओलांडून गेलो. आजीही आली. "लांबून बघीन," म्हणाली. ती मशिदीच्या पायरीवर, उन्हात बसली. डोक्यावर पदर घेऊन.

आत मलिद्याची ताटं मांडली होती. पोहे, नारळ, गूळ, केळी. प्रार्थना झाली. मुकादमांनी बाबांना उभं केलं. बाबा बोलले. शिकवलं होतं तसंच. एकही शब्द चुकला नाही. घाण्याचा बैल फिरतो तसा त्यांचा आवाज फिरला आणि थांबला.

"मग पायरीवर बसलीय ती कोण?" मुकादमांनी विचारलं.

काही गरज नव्हती. ठरलं होतं तेवढं बाबा बोलले होते. पण माणूस वाकला की पाठीवर बसायची इच्छा होते.

"दाई," बाबा म्हणाले.

"मग दाईलाही द्या प्रसाद."

एक बाई केळीच्या पानावर मलिदा घेऊन दाराशी गेली. खाली वाकली नाही. आजीने ओंजळ पुढे केली होती. बाईने पान वरूनच सोडलं. अर्धा मलिदा पायरीवर सांडला. आजी तो वेचू लागली. नारळाचा कीस, एकेक पोहा. देवाचं सांडू नये म्हणून.

इकडे मुकादम माझ्यापुढे स्कॉलरशिपचा लखोटा धरून उभे. "घे. आणि बाईंच्या तसबिरीला नमस्कार कर."

मी हात मागे घेतला.

"ती माझी आजी आहे," मी म्हणाले. "बाबांची आई. पारूबाय कोळीण. बाबा खोटं बोलले. तुम्ही बोलायला लावलंत."

बाबांनी माझ्या कानशिलात भडकावली. तिथेच, सगळ्यांसमोर. त्यांनी त्याआधी मला कधी मारलं नव्हतं. मुकादम हसले. मंडळींकडे वळून म्हणाले, "बघा. रक्त बोलतं ते असं."

लखोटा त्यांच्याच भावाच्या मुलीला गेला. ती परीक्षेत माझ्या बरीच खाली होती.

परतताना होडीत मी आजीशेजारी बसले. मला वाटत होतं, आजी मला जवळ घेईल. तिने घेतलं नाही. दिघीचा किनारा आला तेव्हा म्हणाली, "मना दाई म्हनले, मना काय वाटलं न्हाय. तू हातातलं टाकलंस, ते लागलं. आता शिकलीस न्हाय तर मी तुझं तोंड बघणार न्हाय."

मी शिकले. अलिबागेस एका मुलींच्या शाळेत उमेदवारी केली. हेडमिस्ट्रेसबाई मोठ्या सुधारक. त्यांच्या घरी माझा कप वेगळा होता. मी त्याच कपातून चहा प्यायले आणि त्यांच्याच पुस्तकांतून अभ्यास केला. उपकार म्हणून नाही. दात आवळून. पुढे ट्रेनिंगला पुण्याला गेले. तिथे रात्री झोप यायची नाही तेव्हा मला ते वरून सोडलेलं पान दिसायचं आणि मी उठून वाचत बसायचे. लोक म्हणतात द्वेषाने माणूस जळतो. मी त्याच्या उजेडात अभ्यास केला.

मी मास्तरीण होऊन आले. आजीने ते पाहिलं. मग ती गेली. मुकादमांनी तिला कबरस्तानात जागा दिली नाही. कोपऱ्यातलीसुद्धा नाही. तिला दिघीच्या कोळ्यांच्या मसणात, तिच्या माणसांत नेली.

त्यानंतर काही वर्षांनी, दारफळणीच्या सणाच्या आधी, माझ्या दाराशी बैलगाडी थांबली. दारफळणी म्हणजे आमचा मोठा उपास. त्याच्याआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची असते. माणसाने माफ केल्याशिवाय देवही करत नाही, असं आमच्यात मानतात. गाडीतून मुकादम उतरले. पार खंगले होते. मी बसायला पाट दिला, पाणी दिलं. ते प्याले. माझ्या भांड्यातून.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. पहिल्यांदाच. "माझे थोडे दिवस राहिलेत. झालं गेलं पोटात घाला."

"मुकादमीणबाईंची स्कॉलरशिप आमच्या काळ्यांच्या मुलींना देणार?"

ते खाली बघू लागले. "मंडळी ऐकणार नाहीत."

"माझी आजी तुमच्या पायरीवर पोहे वेचत होती. तेव्हा मंडळींना विचारलं होतंत?"

"बाई, मी म्हातारा माणूस तुमच्यापुढे हात जोडतोय."

"हात जोडायला काही लागत नाही. मुलींना द्या."

"ते माझ्या हातात नाही."

"मग माफीही माझ्या हातात नाही."

ते पुन्हा दोनदा आले. शास्त्रात तीनदा मागायला सांगितलं आहे म्हणून. दोन्ही वेळा मी तेच विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. शेवटच्या खेपेला ते रडले. मी त्यांना रडताना बघत उभी राहिले. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

त्या थंडीत ते वारले. माझ्या आईनेसुद्धा मला नावं ठेवली. मरणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवलंस, म्हणाली. पाप असेल तर ते माझ्या डोक्यावर. मी ते जाणूनबुजून घेतलं आहे.

आता त्यांचा मुलगा मुकादम आहे. त्याने निरोप पाठवला, जुनं वैर संपवा, स्मृतिदिनाला पाहुण्या म्हणून या. मी जाते. पुढच्या ओळीत बसते. मागे बस म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. आणि दरवर्षी आमच्यातली एक मुलगी तयार करून त्यांच्यासमोर उभी करते. त्यांच्या मुलींहून जास्त गुण मिळवलेली. ते खाकरतात, चुळबुळतात, म्हणतात नियम आहे. मी विचारते, कोणता? ते म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी मी आणखी हुशार मुलगी आणीन. इतकी हुशार, की नाही म्हणायला त्यांच्याकडे एकच कारण उरेल. ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. मोठ्याने, भरल्या मशिदीत, त्यांच्या लेकीसुनांच्या देखत. ते वदवून घेतल्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही.